विद्यार्थी दारी येईल तेव्हा

(वर्षावासानिमित्त मांडवी, रत्नागिरी येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



बाहेर पाऊस कोसळत आहे, समुद्र खवळलेला आहे. अशा संध्याकाळी मुलाबाळांना घेऊन आपण एवढ्या संख्येने जमलात, याबद्दल मी प्रथम आपले आभार मानतो. वकिलाकडे माणूस येतो तो अडचण घेऊन येतो. आज आपण अडचण न घेता आला आहात. तेव्हा मी आज अशा एका गोष्टीविषयी बोलणार आहे, की जी वेळीच समजली तर आपल्यापैकी पुष्कळांचे माझ्याकडे येणे टळेल.

आपण मांडवीला बसलो आहोत. याच रत्नागिरीच्या किनाऱ्यावरून आपले आजे-पणजे आगबोटीत बसून मुंबईला गेले. कोणी गिरणीत लागला, कोणी गोदीत, कोणी पलटणीत. त्यांनी पोटाला चिमटा घेऊन गावी मनिऑर्डरी धाडल्या आणि त्या पैशावर घरची मुले शाळेत गेली. पुढे त्यांतील काही मुले कॉलेजात गेली, पदवीधर झाली, साहेब झाली. पैसा मुंबईहून गावाला येत राहिला, परंतु विद्या मात्र गेली ती परतली नाही. गावातील म्हातारी आपला कागद वाचून घेण्यासाठी आजही दुसऱ्याच्या दारात उभी असते. तिचा नातू पदवीधर असतो, पण तो दूर असतो. विद्या गावाकडे परत कशी यावी आणि ती येईल तेव्हा आपण तिचे स्वागत कसे करावे, हा माझ्या आजच्या भाषणाचा विषय आहे.

हा विद्यार्थी कोण?

अलीकडे आपल्या वस्त्यांतून कॉलेजचे विद्यार्थी येऊ लागले आहेत, हे आपण पाहिलेच असेल. कोणी घरोघर फिरून प्रश्न विचारतो, कोणी रस्ता झाडतो, कोणी विहिरीचा फोटो काढतो. आपण त्यांना चहा देतो, आठवतील ती उत्तरे देतो आणि ते गेले म्हणजे आपल्या कामाला लागतो. ते का आले होते, हे आपल्याला ठाऊक नसते आणि पुष्कळदा त्यांनाही ते धड ठाऊक नसते.

त्यामागील व्यवस्था मी थोडक्यात सांगतो. २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधी शताब्दीच्या वर्षी, केंद्र सरकारने ३७ विद्यापीठांतून ४०,००० विद्यार्थी घेऊन राष्ट्रीय सेवा योजना सुरू केली. तीत नाव घालणाऱ्या विद्यार्थ्याने दोन वर्षांत २४० तास समाजाच्या कामाला द्यावयाचे असतात आणि गावात सात दिवसांचे शिबिर करावयाचे असते. २०१४ साली उन्नत भारत अभियान आले. त्यात उच्च शिक्षणाच्या संस्थेने किमान पाच गावे आपली मानून तेथील प्रश्नांवर आपले ज्ञान खर्च करावे, अशी अपेक्षा आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने हाच विचार पुढे नेला आणि २०२२ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने, समाजात जाऊन शिकण्याचा दोन श्रेयांकांचा अभ्यासक्रम पदवीच्या शिक्षणात आणावा, अशी मार्गदर्शक सूचना काढली. म्हणजे आपल्या वस्तीत येणे हा आता त्या मुलाच्या शिक्षणाचाच एक भाग होऊ लागला आहे. तो येतो तो आपल्यावर उपकार करण्यासाठी येत नाही. तो शिकावयास येतो. आणि जो शिकावयास येतो, त्याला शिकविणारे कोणी तरी लागते. ते शिकविणारे आपण आहोत, हे प्रथम ध्यानात घ्या.

ही कल्पना आपल्याला परकी नाही

विद्येने आणि समाजाने एकमेकांस असे भिडावे, हा विचार जगाला नवा नाही. १८८९ साली अमेरिकेत शिकागो शहरी जेन अॅडम्स आणि एलन स्टार या दोन सुशिक्षित स्त्रिया गरीब कामकऱ्यांच्या वस्तीत जाऊन राहिल्या आणि त्यांनी हल हाउस नावाची संस्था उभी केली. या संस्थेशी प्राध्यापक जॉन ड्यूई यांचा निकटचा संबंध होता. पुढे ड्यूई कोलंबिया विद्यापीठात गेले आणि १९१३ ते १९१६ या काळात परमपूज्य बाबासाहेब तेथे शिकत असताना ते त्यांचे गुरू झाले. प्रत्यक्ष जीवनातील अडचण सोडविता सोडविता माणूस शिकतो, असे ड्यूई यांचे म्हणणे होते. आपल्या मुंबईतही क्लिफर्ड मॅनशार्ट या गृहस्थांनी नागपाड्याच्या दाट वस्तीत नेबरहुड हाउस चालविले आणि त्याच कामाच्या अनुभवातून १९३६ साली समाजकार्याचे शिक्षण देणारी टाटांची संस्था निघाली. तेथे वर्गात शिकण्याइतकेच महत्त्व वस्तीत जाऊन काम करण्याला आले.

परंतु आपल्याला एवढे लांब जावयाचे कारण नाही. भगवान बुद्धांनी आपल्या पहिल्या साठ भिक्खूंना लोकांच्या हितासाठी चारी दिशांना धाडले तेव्हा दोघांनी एका वाटेने जाऊ नये, असे सांगितले होते. आणि पावसाळ्याचे तीन महिने मात्र त्यांनी एका ठिकाणी राहावे, असा नियम घातला. चालत राहणे आणि थांबणे या दोन्ही गोष्टी त्या शिस्तीत होत्या. लोकांत मिसळल्यावाचून लोकांचे दुःख कळत नाही आणि एका जागी राहिल्यावाचून ते पुरते समजत नाही. आज आपण वर्षावास पाळतो त्याचा हा एक अर्थ मला दिसतो. सात दिवसांचे शिबिर करून निघून जाणाऱ्या विद्यार्थ्याने तो लक्षात घेण्याजोगा आहे.

बाबासाहेबांनी तर आपली सारी विद्या अशीच वापरली. त्यांच्या खोतीविरुद्धच्या लढ्याचे उदाहरण आपल्या जिल्ह्याचे आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील बहुतेक गावांवर खोत होता. सरकार आणि कुळ यांच्यामध्ये तो बसलेला होता, पिकाचा वाटा घेत होता आणि वेठ राबवून घेत होता. १८८० चा खोतीचा कायदा पुस्तकात होता. तो कोणत्याही बॅरिस्टराला वाचता आला असता. परंतु खळ्यावर प्रत्यक्ष काय घडते, ते पुस्तकात नव्हते. ते कुळालाच ठाऊक होते. एप्रिल १९२९ मध्ये चिपळूणला रत्नागिरी जिल्ह्याची परिषद बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली भरली. त्या परिषदेत खोतीचा प्रश्न निघाला. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक आणले. खोताला वाजवी भरपाई द्यावी आणि प्रत्यक्ष जमीन कसणाऱ्याला हक्क मिळावा, असे त्याचे स्वरूप होते. जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकरी मुंबईत विधिमंडळावर चालून गेले. ते विधेयक त्या वेळी कायदा झाले नाही, परंतु १९४९ साली खोती नाहीशी करणारा कायदा झाला. कुळाचा अनुभव आणि कायद्याची विद्या एकत्र आली म्हणूनच ते विधेयक उभे राहिले. अनुभव नुसता असता तर त्याचे रडगाणे झाले असते, आणि विद्या नुसती असती तर ती पुस्तकातच राहिली असती.

चाळीसगावचा टांगा

मात्र या विषयाला दुसरी बाजू आहे आणि ती बाबासाहेबांच्याच आयुष्यातील एका प्रसंगाने उत्तम समजते. १९२९ साली मुंबई सरकारने नेमलेल्या एका समितीचे सभासद म्हणून ते अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करीत फिरत होते. खानदेशात एका गावच्या बहिष्काराची चौकशी करून परतताना ते चाळीसगावला उतरले. तेथील आपल्या लोकांनी त्यांना वस्तीत नेण्याचा आग्रह धरला. परंतु टांगेवाला अस्पृश्याला बसवून टांगा हाकावयास तयार होईना. तेव्हा त्याचा टांगा भाड्याने घ्यावा आणि हाकावयास आपला माणूस बसवावा, अशी तडजोड झाली. त्या माणसाने टांगा पूर्वी कधी हाकलेला नव्हता. वाटेत एका मोरीवर चाक आदळले, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला.

बंधुभगिनींनो, त्या माणसाच्या मनात भक्ती नव्हती काय? भक्ती काठोकाठ भरलेली होती. आपल्या पाहुण्याचा मान राहावा, त्याला पायी चालावे लागू नये, एवढाच त्याचा हेतू होता. परंतु मानापेक्षा टांग्यात बसलेल्या माणसाचा जीव मोठा आहे, हे त्या गडबडीत कोणाच्या ध्यानात आले नाही. अपराधाचे मूळ अर्थातच अस्पृश्यतेत होते. तरीही आपल्यापुरता धडा असा, की हेतू कितीही शुद्ध असला तरी ज्याला लगाम धरता येत नाही त्याने दुसऱ्याला टांग्यात बसवू नये. सेवेला सराव लागतो. हे मी पुस्तकावरून सांगत नाही. एकदा असा टांगा माझ्याही हाती आला होता आणि मीही एका मुलीला त्यातून खाली पाडले आहे.

माझ्या हातून घडलेली चूक

ही गोष्ट २००१-०२ या वर्षातील. मी कायद्याच्या शेवटच्या वर्षाला होतो. कॉलेजच्या विधी साहाय्य केंद्रातर्फे आम्ही काही विद्यार्थी एका वाडीत गेलो. पहिल्याच दिवशी एक बाई आपल्या मुलीला घेऊन आल्या. मुलगी बारावी पास झाली होती. तिला परिचारिकेचे शिक्षण घ्यावयाचे होते आणि त्यासाठी जातीचा दाखला हवा होता. मी मोठ्या उत्साहाने अर्ज लिहावयास बसलो. धर्माच्या रकान्यात मी ‘बौद्ध’ असे लिहिले. जातीच्या रकान्याशी आलो तेव्हा माझा हात थांबला. आपण जात टाकली आहे, मग ती पुन्हा कशाला लिहावयाची? त्या विचाराचा मला अभिमान वाटला आणि मी त्या रकान्यातही ‘बौद्ध’ असेच लिहिले. मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला जोडला. त्यातही दोन्ही ठिकाणी ‘बौद्ध’ हाच शब्द होता.

बाईंनी मला विचारले, ‘मामंजींचे नाव जुन्या शाळेच्या बुकात आहे, ते लागेल का?’ मी म्हणालो, ‘त्याची गरज नाही.’

शिबिर संपले, आम्ही परत आलो, परीक्षा जवळ आल्या. काही आठवड्यांनी कचेरीतून त्या अर्जाला उत्तर आले. धर्मांतरापूर्वीच्या जातीचा पुरावा जोडावा, असे त्यात लिहिले होते. कचेरीचे काही चुकले नव्हते, चूक सर्वस्वी माझी होती. बाईंना ते पत्र नीट समजले नाही. मला विचारावे तर त्यांच्याजवळ माझा पत्ता नव्हता, कारण मी तो दिलाच नव्हता. प्रवेशाची मुदत निघून गेली. मुलीने ते वर्ष आंबा-काजूच्या मजुरीवर काढले.

पुढे मी वकिली सुरू केल्यावर त्या बाई मला योगायोगाने भेटल्या. त्यांनी पत्र्याच्या ट्रंकेतून, प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला माझाच अर्ज बाहेर काढला. खाली माझे अक्षर होते. त्या रागावल्या नाहीत. त्या एवढेच म्हणाल्या, ‘तेव्हा तुम्ही पुन्हा याल असे वाटले होते.’ त्यांनी सांगितलेले शाळेचे बुक काढून पाहिले. मुलीच्या आजोबांचे नाव तेथे स्वातंत्र्याच्या आधीपासून नोंदलेले होते, पूर्वीच्या जातीसह आणि गावासह. दुसरा अर्ज केला, दाखला मिळाला. गेलेले वर्ष मात्र मिळाले नाही.

आज माझे वय चाळिशी ओलांडून गेले आहे. अनेक दावे जिंकलो, अनेक हरलो. परंतु ‘त्याची गरज नाही’ हे माझे शब्द मला कोणत्याही हरलेल्या दाव्यापेक्षा अधिक बोचतात. ज्या बाईला मी अडाणी समजलो, तिला पुरावा कोठे आहे ते ठाऊक होते. मी शिकलेला होतो आणि मला ते ठाऊक नव्हते. मी तिचे ऐकले असते तर त्या दिवशी मी विद्यार्थी ठरलो असतो. ऐकले नाही, म्हणून नुसता आगंतुक ठरलो.

जात सोडली, मग दाखला कशाला?

नुकतीच दीक्षा घेतलेल्या कुटुंबांना हा प्रश्न पडतो आणि तो प्रामाणिक प्रश्न आहे. म्हणून त्याचे उत्तर स्पष्ट देणे मी माझे कर्तव्य समजतो.

१० ऑगस्ट १९५० रोजी राष्ट्रपतींनी अनुसूचित जातींविषयीचा आदेश काढला. त्यात मुख्यतः हिंदू धर्मीयांचा समावेश होता. १९५६ मध्ये त्यात शीख धर्मीय आले. त्याच वर्षी नागपूरला लाखो लोकांनी धम्मदीक्षा घेतली, परंतु बौद्धांचा समावेश त्या आदेशात व्हावयास १९९० साल उजाडावे लागले. महाराष्ट्र राज्याने आपल्या अधिकारातील सवलती त्याआधीच दिल्या होत्या. तरी केंद्राच्या नोकऱ्या आणि सवलती यांची दारे आपल्याला चौतीस वर्षे बंद राहिली. १९९० च्या दुरुस्तीनंतर, ज्याची पूर्वीची जात अनुसूचित यादीत आहे त्याने बौद्ध धम्म स्वीकारला तरी त्याचा हक्क जात नाही. परंतु नुसता ‘बौद्ध’ हा शब्द त्या यादीत नाही. म्हणून पूर्वीच्या जातीचा पुरावा द्यावा लागतो. महाराष्ट्राचा २००० सालचा जातप्रमाणपत्राचा कायदा सांगतो, की तो पुरावा देण्याची जबाबदारी अर्जदारावर आहे. प्रमाणपत्र मिळाल्यावर त्याची पडताळणीही होते.

असा दाखला घेणे म्हणजे जातीकडे परत जाणे नव्हे. एखाद्याला मारहाण झाली तर आपण त्याला डॉक्टराकडे नेतो आणि जखमेचा दाखला घेतो. तो दाखला घेतला म्हणून जखमेवर त्याचे प्रेम आहे, असे कोणी म्हणत नाही. न्याय मागावयाचा तर जखम दाखवावी लागते. आपल्या घरी, विवाहात, विहारात आणि मनात जात नाही. कचेरीच्या कागदावर आहे ती आपल्या पिढ्यांना झालेल्या जखमेची नोंद. ती दाखवितांना आपण मान खाली घालण्याचे कारण नाही.

तेव्हा दीक्षा घेतल्यावर उत्साहाच्या भरात जुने कागद फाडू नका किंवा जुन्या नोंदी खोडावयास जाऊ नका. वडिलांच्या, आजोबांच्या, चुलत्यांच्या नावाचा शाळेच्या जनरल रजिस्टराचा उतारा, गाव नमुना नंबर १४ म्हणजे कोतवाल बुकातील जन्ममृत्यूची नोंद, जुना सातबारा, फेरफार, आणि १९५८ च्या कायद्याने जे वतन संपले त्या महारकीचा एखादा कागद, यांपैकी जे हाती लागेल ते एका जागी ठेवा. १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा कागद सोन्यासारखा समजा. ज्या वतनाने आपल्या पूर्वजांना गावाच्या दारात राबविले, त्याच वतनाचा कागद आज आपल्या नातीला कॉलेजाच्या दारातून आत नेतो.

कायदा आपल्या बाजूस काय देतो?

राज्यघटनेत १९७६ च्या दुरुस्तीने अनुच्छेद ३९-अ आला. दारिद्र्यामुळे कोणालाही न्याय नाकारला जाऊ नये, अशी जबाबदारी त्याने राज्यावर टाकली. त्यानुसार १९८७ चा विधी सेवा प्राधिकरणाचा कायदा झाला आणि ९ नोव्हेंबर १९९५ पासून तो अमलात आला. या कायद्याच्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जातीजमातींच्या व्यक्तीला आणि प्रत्येक स्त्रीला व बालकाला विनामूल्य वकील मागण्याचा हक्क आहे. जिल्हा न्यायालयात जिल्हा प्राधिकरण असते, तालुक्याला समिती असते, आणि १५१०० या क्रमांकावर फोन करूनही साहाय्य मागता येते.

त्याच कायद्याच्या कलम ४ मध्ये विद्यापीठे आणि कायद्याची कॉलेजे यांतून विधी सेवा केंद्रे उघडावीत, असे सांगितले आहे. भारतीय विधिज्ञ परिषदेच्या २००८ च्या नियमांप्रमाणे कायद्याच्या प्रत्येक कॉलेजात असे केंद्र असले पाहिजे. विद्यार्थ्याने तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान २० आठवडे प्रत्यक्ष कामाचा अनुभव घेतला पाहिजे. आपल्या रत्नागिरीतही भागोजीशेठ कीर यांच्या नावाचे विधी महाविद्यालय आहे. म्हणजे विद्यार्थ्याला बोलाविण्यासाठी आपल्याला कोणाचे पाय धरावे लागत नाहीत. आपल्या वस्तीच्या वतीने एक साधे पत्र लिहिले तरी पुरे.

मात्र विद्यार्थी म्हणजे वकील नव्हे. तो न्यायालयात आपली बाजू मांडू शकत नाही. तो वाचून दाखवील, शोध घेईल, अर्जाचा मसुदा करील, कचेरीत आपल्याबरोबर येईल आणि प्रकरण मोठे असेल तर योग्य वकिलापर्यंत पोचवील. एवढे त्याने नीट केले तरी पुष्कळ झाले.

त्याला तीन प्रश्न विचारा

विद्यार्थी आपल्या दारी येईल तेव्हा त्याला बसावयास द्या, पाणी द्या, आणि तीन प्रश्न विचारा.

पहिला प्रश्न: तुझे काम तपासणारे कोण आहे? त्याच्यामागे प्राध्यापक किंवा वकील असला पाहिजे. त्या वाडीत मी एकटा बसून अर्ज लिहिला नसता आणि कोणी जाणत्याने तो पाहिला असता, तर त्या मुलीचे वर्ष वाचले असते.

दुसरा प्रश्न: तू जे लिहून नेतोस त्याची प्रत आम्हांला देशील काय? आपली नावे, आपले उत्पन्न, आपली दुःखे वहीत भरून तो घेऊन जातो. ते आपले धन आहे. त्याने काय लिहिले ते त्याने आपल्याला वाचून दाखविले पाहिजे आणि चुकले असेल तर दुरुस्त केले पाहिजे. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा कोणालाही देऊ नका, मग तो आपल्या समाजाचा का असेना.

तिसरा प्रश्न: तू परत केव्हा येणार? तारीख विचारा, आणि त्याचा व त्याच्या प्राध्यापकांचा पत्ता लिहून घ्या. अर्ज लिहिणे हे निम्मे काम आहे, त्याचे उत्तर येईपर्यंत पाठपुरावा करणे हे उरलेले निम्मे.

कोणी म्हणतील, ही मुले तर गुणांसाठी येतात, त्यांना आपली काय कळकळ? मी म्हणतो, गुणांसाठी येऊ द्या! वकील शुल्क घेतो म्हणून त्याने वाईट वकिली करावी असे ठरत नाही. त्याला गुण मिळावेत, परंतु त्याचे काम झाले किंवा नाही, हे सांगण्याचा अधिकार आपला असावा. त्याच्या प्राध्यापकांना तसे कळवा. ज्याच्यासाठी काम केले त्याचे मत न घेता केलेली परीक्षा अपुरी आहे.

आपली बाजू

आता थोडे आपल्याकडे वळू. आपणही काही गोष्टी करावयास पाहिजेत. विद्यार्थी आला म्हणजे आपल्या वस्तीत पुढारी तेवढे बोलतात आणि बाया दाराआडून ऐकतात. माझ्या अनुभवात घरातले कागद बाया जपतात आणि घरातली अडचणही त्यांनाच आधी कळते. त्यांना पुढे बसवा. अडचण सांगताना लाजून लपवू नका आणि फुगवूनही सांगू नका. खोट्या माहितीवर उभा केलेला अर्ज वकिलालाही वाचविता येत नाही.

दुसरे असे, की आपली स्वतःची मुले आता कॉलेजात आहेत. त्यांनाही हे तास आणि हा अभ्यास पुरा करावयाचा आहे. त्यासाठी त्यांनी दूरची गावे कशाला शोधावीत? आपल्याच वाडीतील विहिरीचे पाणी मेमध्ये किती दिवस पुरते, किती मुली दहावीनंतर घरी बसल्या आणि का बसल्या, मासेमारी बंद असलेल्या पावसाळ्यात घरे कशावर चालतात, हे लिहून काढणे हे मोठे विद्येचे काम आहे. खोतीविरुद्धचे विधेयक अशाच माहितीच्या पायावर उभे राहते.

या सभेपुढे मी एक लहानशी सूचना ठेवतो. आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावासाचे दिवस आहेत. तोवर दर रविवारी प्रवचनानंतर एक तास येथे कागदांचा ठेवावा. प्रत्येक कुटुंबाने आपले जुने कागद घेऊन यावे. आपल्या कॉलेजातील मुलांनी कोणाकडे कोणता कागद आहे आणि कोणता कमी आहे, याची एक वही करावी. कमी असलेला कागद कोणत्या शाळेत, कोणत्या कचेरीत मिळेल, याचा शोध त्यांनी घ्यावा. वही तपासण्याचे काम मी पत्करतो. कायद्याच्या कॉलेजलाही आपण पत्र लिहू. मूळ कागद कोणाच्याही हाती सोडू नये, नोंद घेऊन तो तेथल्या तेथे परत करावा. तीन महिन्यांत या वस्तीतील एकही मुलगी कागदावाचून अडणार नाही, एवढे झाले तरी आपला वर्षावास सार्थकी लागला असे मी म्हणेन.

बंधुभगिनींनो, या किनाऱ्यावरून गेलेल्या माणसांची वाट आपल्या आज्यांनी पुष्कळ पाहिली. त्या बाईंनीही माझी वाट पाहिली होती आणि मी गेलो नव्हतो. उद्या आपल्या घरातील मुलगा किंवा मुलगी शिकून कोठे तरी मोठ्या जागी जाईल. निघताना तिला जरूर आशीर्वाद द्या, आणि हा तिसरा प्रश्न तिलाही विचारा: परत केव्हा येणार?

येत्या रविवारी मी येथे चार वाजता हजर असेन. आपण कागद घेऊन या.

जय भीम.